फुगेवाल्याची हांक आणि खानदेशचें सुटें गाणें

दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील बायकामंडळी जरा पाठ टेंकतात न टेंकतात तोंच गल्लीच्या तोंडाशीं एक लांबविलेली हांक ऐकूं येते : ‘केसांवर फुगेऽऽ!’ धुळें, अमळनेर, पारोळें, जळगांव, कोणत्याहि गांवच्या खानदेशी वाचकास ही हांक नवी नाहीं. सायकलीच्या दांड्यास फुग्यांचा झुबका बांधलेला, मागें एक पिशवी अडकविलेली आणि भोंवतीं पोरांचा गराडा. विंचरतांना निघालेली गुंतवळ आई किंवा आजी कागदांत गुंडाळून कोनाड्यांत ठेवते. ती पोरानें आणून दिली कीं त्याच्या हातीं एक फुगा पडतो. या हांकेंतील ‘वर’ म्हणजे ‘वरच्या बाजूस’ नव्हे, तर ‘च्या मोबदल्यांत’. जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी बोहारीण हाच ‘वर’ वापरते. अशी घरोघरची गुंतवळ मोठ्या व्यापाऱ्यांकडे जाते. तेथें ती उकलून, धुऊन, लांबीप्रमाणें निवडून टोपासाठीं परदेशीं रवाना होते. मनुष्याच्या केसांच्या निर्यातींत भारताचा क्रमांक जगांत फार वरचा आहे; फुग्यासाठीं धांवणाऱ्या पोरास तें ठाऊक नसतें इतकेंच.

या हांकेचें एक गाणें झालें आणि तें महाराष्ट्रभर गाजलें. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ हें त्याचें नांव. गाणें अहिराणी, तें सचिन कुमावत यांनीं लोकांपुढें आणलें व आवाज दिला अण्णा सुरवाडे यांनीं. २०१९ च्या सुमारास तें खानदेशांत आबालवृद्धांच्या तोंडीं होतें, आणि यूट्यूबवर तें पाहणारांची संख्या कोटींत मोजली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं ‘हाई झुमका वाली पोर’ या दुसऱ्या अहिराणी गाण्यानें तोच पराक्रम केला. तें भैय्या मोरे आणि अंजना बर्लेकर यांनीं गाइलेलें आहे. हीं दोन्ही गाणीं चित्रपटांतलीं नव्हत, नाटकांतलीं नव्हत, कीं दहा गाण्यांच्या संग्रहांतलींहि नव्हत. इंग्रजी वाद्यवृंदांच्या जगांत ज्यास ‘सिंगल’ म्हणतात, तसें एकच सुटें गाणें तयार करून लोकांच्या हवालीं केलेलें.

हीं गाणीं ऐकून सुशिक्षित मंडळींपैकीं पुष्कळजण नाक मुरडतात. चाल सोपी, ठेका ठरीव, वाद्यें बहुतांशीं यंत्रांत साठविलेलीं, हें सर्व मान्यच आहे; आम्ही तीं शास्त्रोक्त संगीताच्या तराजूंत तोलावयास बसलों नाहीं. आम्हांस नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. जी भाषा शाळेंत बोलली असतां मास्तर ‘शुद्ध बोल’ म्हणत, कचेरींत बोलली असतां कारकून हंसत, आणि पुण्यामुंबईच्या पाहुण्यांपुढें बोलावयास खुद्द घरचीं माणसें संकोचत, ती भाषा कोणाचीहि शिफारस न घेतां कोट्यवधि कानांपर्यंत पोंचली ती कशी?

एकच गाणें सुटें काढून विकावयाचें ही कल्पना तशी जुनी आहे. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें ग्रामोफोनवर उतरविलें गेलें, तेव्हांपासून आपल्याकडे ती चालत आली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें गाणें मावे. ज्या गवयास एक राग आळवावयास दोन घटका लागत, त्यास तीन मिनिटांत सर्व उरकून, अखेरीस स्वतःचें नांवहि पुकारावें लागे; कारण तबकडी ज्या कारखान्यांत तयार व्हावयाची तेथील कामगारांस गाणारा कोण हें कळावें कसें? अभंगाच्या अखेरीस संतांची नाममुद्रा असे, तशीच ही यंत्रयुगांतील नाममुद्रा. आजहि लग्नाच्या मांडवांत जीं गाणीं वाजतात, त्यांच्या मध्येंच डी. जे. वाल्याचें नांव कोणीतरी गर्जून सांगतो. ऐकणारास तो व्यत्यय वाटतो. पण ती सवय गौहरजानइतकी जुनी आहे.

मराठी भावगीताचा आरंभहि अशाच एका सुट्या तबकडीनें झाल्याचें मानितात. आपल्या शेजारच्या बुलढाणें जिल्ह्यांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनीं गाइली आणि १९३२ च्या सुमारास ‘हिज मास्टर्स व्हॉइस’नें तिची तबकडी काढली. मेहकरच्या वकिलाची कविता घरोघर पोंचली खरी, परंतु मध्यें मुंबईच्या कंपनीचा दरवाजा होताच. कोणाचा आवाज घ्यावा, कोणती कविता घ्यावी, किती प्रती काढाव्या, कोणत्या गांवच्या दुकानीं पाठवाव्या, हें सर्व कंपनी ठरवी. पुढें १९४९ सालीं अमेरिकेंत मिनिटास ४५ फेरे घेणारी लहान तबकडी निघाली, आणि एका बाजूस एक गाणें घेऊन येणाऱ्या या तबकडीबरोबर ‘सिंगल’ हा शब्द रूढ झाला. कंपनीचा दरवाजा मात्र होता तेथेंच राहिला. त्यांतून अहिराणीस आंत शिरकाव मिळणें अवघडच होतें. कारण शुद्धाशुद्धाचा विचार दुकानदारहि करीत असे.

खानदेशच्या आजच्या गाण्यानें हा दरवाजाच टाळला. त्याची जन्मकथा बहुधा अशी असते. गांवांतला एखादा तरुण शब्द जुळवितो. जिल्ह्याच्या ठिकाणीं दोन खोल्यांचा एखादा स्टुडिओ असतो. एका खोलींत भिंतींना स्पंज लावून ध्वनिक्षेपक उभा केलेला, दुसरींत संगणक. तेथें एका दिवसांत ठेका, चाल आणि आवाज एकत्र बसतात. मग दहा-बारा मित्रमंडळी, भाड्याचा कॅमेरा, आणि पार्श्वभूमीस केळीची बाग, शेताचा बांध, तापीचा कांठ किंवा गांवचा बाजार. वेषभूषा ज्याच्या त्याच्या घरची. गाणें बाहेर पडण्यापूर्वीं आठ दिवस पंधरावीस सेकंदांची चुणूक सोडावयाची, म्हणजे गांवोगांवचीं पोरें ‘पूर्ण गाणें केव्हां?’ म्हणून विचारूं लागतात. दिवसहि विचारपूर्वक निवडावयाचा. लग्नसराई तोंडावर आली असतां, आखाजीपूर्वीं, कानबाईपूर्वीं, किंवा गणपति बसण्याच्या आधीं. मुहूर्त पाहण्याची ही रीत, पंचांग न पाहतांहि, आपल्या जुन्या रीतीशीं बरीच जुळते.

नांव लिहिण्याची मात्र मोठी पंचाईत होते. अहिराणीचें लेखन ठरलेलें नाहीं. त्यांतून लोक मोबाईलवर रोमन लिपींत शोधणार. ‘झुमका’मधील झकारास कोणी एक अक्षर वापरतो, कोणी दोन, ‘फुगे’चीहि तीच गत. म्हणून गाण्याखालीं एकच शब्द चार प्रकारांनीं लिहून ठेवतात, जेणेंकरून कोणीहि कसाहि शोधला तरी सांपडावा. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं एका ‘गौः’ शब्दाचे गावी, गोणी इत्यादि अपभ्रंश दिले आहेत. त्याचा हेतु शुद्ध शब्द कोणता हें शिकविण्याचा होता. येथें अपभ्रंश जितके अधिक तितकें गिऱ्हाईक अधिक!

आतां जाहिरात. वर्तमानपत्रांत नाहीं, भिंतींवर नाहीं. खानदेशांत गाण्याची खरी जाहिरात करतो तो लग्नाचा मांडव. हळदीची रात्र, वरात, नवरदेवाचे मित्र, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा टेंपोवर चढविलेले कर्णे. डी. जे. वाल्याजवळ गाण्यांची जंत्री असते. परंतु कोणतें गाणें पुन्हां लावावें हें नाचणारांच्या पायांवरून ठरतें. पाय उचलले नाहींत तें गाणें त्याच रात्रीं संपलें. उचलले, तर दुसऱ्या दिवशीं वऱ्हाडी मंडळी तें आपापल्या गांवीं नेतात. धुळ्याच्या लग्नास सुरत, नाशिक, कल्याण आणि पुणें येथून पाहुणे आलेले असतात. चाकरीसाठीं गेलेला खानदेशी तेथें पुष्कळ आहे. येणेंप्रमाणें एका हंगामांत एक गाणें पांच-सहा जिल्ह्यांत हिंडून येतें, आणि त्यासाठीं कोणीहि एक पैसा खर्च केलेला नसतो.

यांत कायद्याची एक गंमत आहे, ती वाचकांपैकीं वकील मंडळींस ठाऊक असेलच. १९५७ च्या कॉपीराईटच्या कायद्यानें गीत लिहिणारास, चाल बांधणारास आणि ध्वनिमुद्रण करणारास हक्क दिलेले आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांचा मानधनांतील वांटा अधिक सुरक्षित केला. परंतु त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमांत अपवाद आहे : खऱ्याखुऱ्या धार्मिक विधींत गाणें वाजविल्यास तो हक्कभंग होत नाहीं, आणि धार्मिक विधींत लग्नाची वरात व लग्नासंबंधींचे इतर सोहळे येतात असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे ज्या जागीं गाणें सर्वांत अधिक वाजतें, त्या जागेकडून गाणें करणारास कायद्यानें कांहींएक मिळावयाचें नाहीं. आणि ज्या जागीं तें वाजलें नाहीं तर तें कोणास कळणारहि नाहीं, ती जागाहि हीच.

मांडवाच्या जोडीस मोबाईल आला. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा दर इतका उतरला कीं शेतांत पाणी भरणारा गडीहि बांधावर बसून गाणें पाहूं लागला. त्यानंतर टिकटॉकवर गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा घेऊन स्वतः नाचावयाचें वेड आलें. २०२० च्या जूनअखेर सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, तर लगेच जुलैंत इन्स्टाग्रामची ‘रील’ आली आणि तेंच वेड पुढें चाललें. पूर्वीं तबकडी घेणारा मनुष्य ऐकणारा असे. आतां तोच गाण्याचा फिरता विक्रेता झाला आहे. वर्गांत कविता पाठ न येणारा मुलगा गाण्याच्या दुसऱ्या ओळीवर हात कोठें फिरवावयाचा हें अचूक जाणतो. शिक्षकाच्या दृष्टीनें ही गोष्ट निराशेची नसून अभ्यास करण्याजोगी आहे.

पैसा किती मिळतो, असा प्रश्न व्यवहारी वाचक करतील. यूट्यूबवर जाहिरातींतला वांटा मिळूं लागण्यासाठीं चॅनेलला निदान १,००० वर्गणीदार हवेत, आणि गेल्या १२ महिन्यांत लोकांनीं ४,००० तास पाहिलेलें असावें लागतें. हे वर्गणीदार फुकटचे असतात, हें सांगणें नलगे. त्यानंतर नेहमीच्या चित्रफितीवरील जाहिरातीच्या उत्पन्नांतून शेंकडा ५५ चॅनेलच्या मालकास मिळतात. परंतु आपल्या देशांतील जाहिरातींचे दर युरोप-अमेरिकेच्या मानानें फार कमी. म्हणून कोटी लोकांनीं पाहिलें म्हणजे कोटी रुपये आले असा हिशेब मांडूं नये. कलावंतांची भिस्त असते ती सुपारीवर. गणेशोत्सव, यात्रा, वाढदिवस, पुढाऱ्यांचे कार्यक्रम, येथें गाणारास प्रत्यक्ष बोलावणें येतें आणि तेथें रोकड हातीं पडते. एतावता गाणें हें स्वतः विकण्याची वस्तु न राहतां सुपारी मिळविण्याची जाहिरात बनलें आहे. चॅनेल ज्याच्या नांवावर, उत्पन्न त्याचें. शब्द जुळविणाऱ्या पोरानें लेखी करार केलेला नसला तर त्याच्या वांट्यास टाळ्या येतात. ज्यांच्या घरीं असा हौशी मुलगा असेल त्यांनीं एवढें मात्र पाहावें : नाचावयास जाण्याआधीं त्यानें एक कागद लिहून घ्यावा.

आतां थोडें भाषेविषयीं बोलूं. गेल्या लग्नसराईंत धुळ्यास एका सुशिक्षित घरच्या कार्यास आम्ही गेलों होतों. पुण्याहून आलेलीं नातवंडें ‘बबल्या’वर मनसोक्त नाचलीं, सारे शब्द पाठ. घामाघूम होऊन पंगतीस बसल्यावर त्यांतल्या एकीनें विचारलें, ‘आजोबा, इकस म्हणजे काय हो?’ पंगतींत दोन प्राध्यापक, एक डॉक्टर आणि एक निवृत्त मामलेदार होते. मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. उत्तर दिलें तें भाजी वाढणाऱ्या बाईनें : ‘बजारमा भाजी इकतस ना, तेच!’ वाढतां वाढतां ती पुढें गेली. तिच्या आवाजांत गर्व नव्हता, कीं संकोचहि नव्हता.

‘इकस’ म्हणजे ‘विकतो’. संस्कृत ‘वि + क्री’ हा धातु दोन्हींचा मूळपुरुष आहे. आरंभींचा ‘वि’ जाऊन ‘इ’ उरावयाचा, हा नियम खेड्यांतील मराठींतहि दिसतो. विस्तवाचा ‘इस्तू’ आणि विहिरीची ‘इहीर’ आपण ऐकतोंच. पुढचा ‘स’ मात्र अहिराणीचा स्वतःचा : आपण ‘करतो’ म्हणतों तेथें ती ‘करस’ म्हणते, ‘आहे’च्या जागीं ‘शे’, जो गुजराथींतील ‘छे’ची आठवण देतो. सर जॉर्ज ग्रियर्सन यांनीं १९०७ सालीं आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडांत खानदेशीची गणना भिल्ली भाषांच्या बरोबर केली. तें सर्वांस पटलें असें नव्हे, पण ती केवळ ‘बिघडलेली मराठी’ नव्हे एवढें त्यांतून उघड झालें. आणि अहिराणी हें नांवच पाहा : अहिर म्हणजे आभीर. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याचा शिलालेख आहे. दंडीनें काव्यादर्शांत अपभ्रंश कशास म्हणावें हें सांगतांना आभीरांच्या वाणीचाच प्रथम निर्देश केला आहे. आणि काव्यांत येणारी ती वाणी, हें सांगावयासहि तो विसरला नाहीं. म्हणजे आभीरांच्या बोलींत काव्य होतें ही गोष्ट संस्कृताच्या शास्त्रकारास सांगावयास कमीपणा वाटला नाहीं. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनीं अहिराणीचा शब्दकोश सिद्ध केला आहे. वर सांगितलेल्या पंगतींतील मंडळींपैकीं कोणाच्या कपाटांत तो असता तर त्या पोरीस उत्तर मिळावयास भाजीची वाट पाहावी लागली नसती.

येथें एक खुलासा अवश्य आहे. सारें खानदेश अहिराणी बोलत नाहीं. धुळें, साक्री, शिरपूर, अमळनेर, पारोळें, चाळीसगांव आणि नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव-बागलाण हा तिचा मुलूख. जळगांवच्या पूर्वेस भुसावळ, यावल, रावेर इकडे लेवा पाटीदारांची बोली आणि जामनेरकडे तावडी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचीं गाणीं या पूर्वेकडच्या बोलींतलीं. त्यांचा दाखला येथें मुद्दाम घेतों. बहिणाबाईंस लिहितां वाचतां येत नव्हतें. घरोट ओढतांना, शेतांत काम करतांना जें सुचलें तें त्यांनीं म्हटलें; मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकीं पितांबर चौधरी यांनीं जमेल तेवढें टिपून ठेवलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या निवर्तल्या, आणि सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्रे यांस दाखविल्यानंतर १९५२ सालीं पुस्तक निघालें. आज जळगांवचें विद्यापीठ त्यांच्या नांवानें ओळखिलें जातें. परंतु आपल्या गाण्याचें प्रकाशन त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. मध्यें लेखणी हवी होती, आणि ती दुसऱ्याच्या हातीं होती. आजच्या बबल्यास लेखणीचीहि गरज पडली नाहीं. तोंडांतून निघालेलें गाणें थेट कानांत गेलें. हा फरक थोडाथोडका नव्हे.

आमचा खरा आक्षेप आहे तो येथूनच सुरू होतो, आणि तो अश्लीलतेचा नव्हे. अश्लीलतेविषयीं पुष्कळ ओरड होते. कांहीं गाण्यांविषयीं ती रास्तहि आहे. परंतु आखाजीच्या दिवशीं झोक्यावर बसून किंवा दुसऱ्या आळीच्या मुलींसमोर उभ्या राहून आपल्याच गांवच्या लेकी काय काय गातात, हें ज्यांनीं ऐकलें आहे ते या बाबतींत फार सोंवळेपणा दाखविणार नाहींत. आक्षेप असा, कीं खानदेशचें गाणें आजवर मुख्यत्वें बायकांचें होतें. आखाजीस माहेरीं आलेली लेक मुऱ्हाळ्याची वाट पाहिल्याचें गाणें म्हणे; सासूचा जाच, भावाची माया, भावजयीचा रुसवा, पिकाचें हंसूं आणि दुष्काळाचें रडूं त्यांत येई. श्रावणांत कानबाई बसली कीं रात्रभर बायका गात. लग्नांत तेलहळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीस त्यांचें गाणें. त्या गाण्यांत बोलणारी ‘मी’ ही स्त्री असे. नव्या सुट्या गाण्यांपैकीं बहुतेकांत बोलणारा ‘मी’ हा मोटारसायकलवर बसलेला तरुण आहे. पोर दिसते, तिचा झुमका दिसतो, चाल दिसते, ओढणी दिसते, तिला स्वतःला काय म्हणावयाचें आहे तें क्वचितच ऐकूं येतें. बाईचा आवाज घेतला तरी शब्द बहुधा पुरुषानें दिलेले. भाषा मागल्या दारांतून दिवाणखान्यांत आली खरी, परंतु जिनें ती शेंकडों वर्षें सांभाळली ती मागल्या दारींच उभी राहिली.

आणि त्याच वेळीं तिचीं गाणीं मांडवांतून उठत चाललीं आहेत. हळद दळतांना म्हणावयाचें गाणें म्हणावयास दोन म्हाताऱ्या पुढें सरसावतात. तोंच कोणी कर्ण्याचें बटण दाबतो आणि त्या हंसून गप्प बसतात. कर्ण्याविषयीं आमचें मत साफ आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ध्वनिवर्धकास मनाई केली आहे. ती पाळली जात नसेल तर दोष गाण्याचा नसून यजमानाचा आहे. नाचावयाचें त्यांनीं खुशाल नाचावें. परंतु हळदीच्या वेळीं अर्धा तास कर्णा बंद ठेवून आजीस आणि आत्याबाईंस गाऊं द्यावें, एवढें यजमानाच्या हातीं खचित आहे. आणि घरांतील ज्या नातवास रील काढतां येते, त्यानें त्याच मोबाईलवर तें गाणें उतरवून घ्यावें, खालीं शब्द लिहावे, आणि गाणारीचें नांव तिच्या परवानगीनें घालावें. हें काम सोपानदेवांनीं वहींत केलें; त्यांस जो वेळ लागला त्याचा शतांशहि आतां लागणार नाहीं. अशीं गाणीं कोणी ऐकील काय, अशी शंका कोणी घेईल. बबल्याचें गाणें कोणी ऐकील असें तरी कोणास वाटलें होतें?

ही निकड आम्ही उगीच लावीत नाहीं. जनगणनेच्या कोष्टकांत ‘खानदेशी’ ही मराठीहून निराळी भाषा म्हणून मोजतात, आणि अहिराणी तींत येते. २००१ सालीं ती मातृभाषा सांगणारे सुमारें २० लक्ष ७५ हजार होते. २०११ सालीं ते सुमारें १८ लक्ष ६० हजार उरले. त्याच दहा वर्षांत जळगांव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ३७ लक्षांवरून ४२ लक्षांवर आणि धुळें जिल्ह्याची सुमारें १७ लक्षांवरून साडेवीस लक्षांवर गेली. माणसें वाढलीं, आणि भाषा सांगणारे घटले. हे सर्वच लोक अहिराणी विसरले असें नव्हे. पुष्कळांनीं विचारणारास ‘मराठी’ असें सांगितलें असेल. घरीं जें बोलतों त्यास भाषा म्हणावयाचें कीं नाहीं, याविषयीं मनांत चोरटेपणा असला म्हणजे असें होतें. गाण्यास कोट्यवधि कान मिळाले हें खरें, परंतु त्या कानांबरोबर जिभाहि वाढल्या असें समजण्यास आधार नाहीं. पुण्याचीं तीं नातवंडें ‘इकस’ म्हणतात. पण आईला कांहीं विकावयाचें असेल तर तीं ‘विकणार आहे’ असेंच म्हणतील.

२०२१ सालीं व्हावयाची जनगणना लांबली. नवीन गणनेसाठीं १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस ठरला आहे, आणि या खेपेस घरबसल्या मोबाईलवरून स्वतः माहिती भरण्याची सोयहि ठेवल्याचें जाहीर झालें आहे. ज्या मोबाईलवर गाणें वाजतें त्याच मोबाईलवर ‘मातृभाषा’ हा रकाना उघडेल. तो रकाना घरोघर बहुधा शिकलेला मुलगा किंवा सून भरील. ओट्यावर गहूं निवडीत बसलेल्या सासूबाईंस उठून कोणी विचारील असें दिसत नाहीं.